मदत हवी आहे : गंगापूर रोडवरील एलईडी स्क्रीनचे नियोजन

नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रोडवर आमच्या दुकानाच्या पहिल्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून, बाहेरची एलईडी स्क्रीन बसवायची आहे. ९६० मिमीच्या चौकोनी कॅबिनेटची (म्हणजे स्क्रीनच्या तयार खणांची) ५ × ३ अशी मांडणी केली, तर आकार ४.८ × २.८८ मीटर होतो. पाहणारा माणूस समोरच्या फुटपाथवर, साधारण १८ मीटरवर असेल. पिक्सेल पिच (शेजारच्या दोन पिक्सेलमधले अंतर) जितके मिमी, तितके मीटर किमान अंतर, या ढोबळ हिशेबाने पी८ (८ मिमी पिचची स्क्रीन) सहज चालेल; पण त्यात ६०० × ३६० एवढेच पिक्सेल मिळतात. विक्रेत्याने नमुन्याच्या पॅनेलवर ‘श्रद्धा’ हा शब्द बारीक अक्षरात दाखवला, तेव्हा जोडाक्षराचा नुसता ठिपका दिसला. पी५ घेतल्यास ९६० × ५७६ पिक्सेल मिळतात, पण खर्च बराच वाढतो. मराठी मजकुरासाठी तो वाढीव खर्च योग्य ठरेल का?

खरी काळजी मात्र भिंतीची आहे. एका लोखंडी कॅबिनेटचे वजन ४५ किलो धरले, तर १५ कॅबिनेटचे ६७५ किलो होतात. त्यात फ्रेमचे वजन आणि वाऱ्याचा दाब वेगळा. भिंत जुन्या विटांची असल्यामुळे भार कॉलमवर घ्यावा, असे माझे मत आहे. विक्रेता मात्र “अँकर बोल्ट पुरेसे आहेत” म्हणतो आणि ड्रॉइंग देत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला ऑर्डरपूर्वी घ्यावा की फ्रेमचे ड्रॉइंग झाल्यावर? दुपारच्या थेट उन्हासाठी ५००० निट्स एवढा ब्राइटनेस पुरेल का? दुरुस्ती पुढून ठेवावी की मागून, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, कारण मागे जेमतेम दीड फूट जागा आहे.