आत्याला जुनाच आवडला

म्हातारीकडं भाड्यानं राहणाऱ्या दरोडेखोरांच्या 'द लेडीकिलर्स' या सिनेमाचा २००४ चा रिमेक टॉम हँक्समुळे बुडाला, असं एक मत ऐकलं. अर्धं पटलं. हँक्स प्रत्येक वाक्य लोणच्यासारखं मुरवत बसतो. १९५५ च्या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेस नुसते दात दाखवून काम भागवतो. पण रिमेक करणाऱ्या कोएन बंधूंनी गोष्ट लंडनहून मिसिसिपीत नेली, तिथली इर्मा हॉलची म्हातारी झकासच. (कान चित्रपट महोत्सवात हॉलला ज्युरी पुरस्कार मिळालाय, तो उगाच नाही.)

परभणीत आत्याकडं दोन्ही लागोपाठ पाहिले. जुन्यात दरोडेखोर वरच्या खोलीत बोक्केरिनी या जुन्या इटालियन संगीतकाराची रेकॉर्ड लावून वादक असल्याचं सोंग करतात अन् म्हातारी चहाचं विचारायला दार वाजवते, तिथं आत्याचा ज्वारी निवडता निवडता हात थांबला. "खोली भाड्यानं देताना चौकशी करावी की नाही बाईनं!" रिमेकमध्ये शिव्या सुरू झाल्या अन् आत्या सूप घेऊन आत गेली, ती परत आलीच नाही.

शेवटाचं म्हणाल तर नव्यात दरोडेखोरांची प्रेतं पुलावरून कचऱ्याच्या बोटीत पडतात. जुन्यात मालगाडीच्या वाघिणीत, अन् टोळीच्या म्होरक्या प्रोफेसरच्या, म्हणजे गिनेसच्या, टाळक्यात सिग्नलचा दांडा! त्या दांड्याला तोड नाही राव.