सासूबाईंसाठी मेडिकेअर ॲडव्हान्टेज: मधुमेह असताना प्लॅन कसा पारखायचा?

मृण्मयी_न्यूजर्सी: सासूबाई ७१ वर्षांच्या. मधुमेह, बीपी, आणि आता किडनीचीही कुरकुर. मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा (मेडिकेअर) खाजगी कंपनीकडून मिळणारा प्लॅन, त्यांनी घेतलाय. तो ४ स्टारचा (मेडिकेअरच प्लॅनच्या दर्जाला पाचपैकी स्टार देतं), पण वर्षभरात डोळे तपासायची आठवण एकदाही कुणी केली नाही. दुसरा साडेतीन स्टारचा दिसतोय. ७ डिसेंबरच्या आत ठरवायचंय. स्टारवर किती विसंबावं?

शंतनू_के: एकूण स्टारवर फार जाऊ नका. त्यात फोनसेवा, तक्रारी असं सगळं एकत्र धरलेलं असतं. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर प्लॅन उघडून स्टारचा तपशील बघा. तिथे मधुमेहींची साखर, डोळ्यांची तपासणी, किडनीची तपासणी (यात रक्त आणि लघवी दोन्ही येतात), बीपी १४०/९० च्या खाली आहे का, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे का, हे सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. तुमच्या कामाचे आकडे तेच. मात्र ते ताजे नसतात. २०२६ च्या स्टारमागची उपचारांची माहिती बहुतांशी २०२४ ची आहे.

आजोबा_एडिसन: त्या आकड्यांची गंमतही समजून घ्या. साखरेच्या निकषात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९ पर्यंत असलं की पेशंट 'नियंत्रणात'! आमचे डॉक्टर साडेसातलाच डोळे वटारतात. गोळ्या नियमित घेण्याचा आकडा तर फार्मसीच्या बिलांवरून काढतात, ८० टक्के दिवसांच्या गोळ्या उचलल्या की झालं. पोटात गेल्या की नाही, ते कुणी बघत नाही. उलट पुण्याहून बॅगेतून आणलेल्या गोळ्या हिशेबातच येत नाहीत, मग प्लॅनवाले 'औषध का घेत नाही' म्हणून फोन करत बसतात.

वैदेही_आरएन: मृण्मयी, सी-स्निप (C-SNP) प्लॅन शोध. दीर्घ आजारांच्या लोकांसाठीच असतात, मधुमेह त्यात बसतो, डॉक्टरांनी आजाराची खात्री द्यावी लागते. अशा प्लॅनला काळजीचा आराखडा एनसीक्यूए (आरोग्यसेवेचा दर्जा तपासणारी संस्था) हिच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दरवर्षी सदस्याच्या तब्येतीची विचारपूस करणंही बंधनकारक आहे. अर्थात कागद वेगळा, माणसं वेगळी. म्हणून फोन करून थेट विचार: नर्स ठरलेली असते की दर वेळी नवी? मराठी नाही तर निदान हिंदी दुभाषी मिळेल का? नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहे ना, हे मात्र प्लॅनच्या यादीवर न जाता दवाखान्यात फोन करून विचार. याद्या जुन्या असतात. इन्सुलिनची काळजी करू नकोस, २०२३ पासून प्लॅनच्या यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर घेता येत नाही. बाकीची औषधं कुठल्या टियरला (किमतीच्या पायरीला) आहेत आणि कशाला आधी मंजुरी लागते, ते तपास.

शंतनू_के: आणि घाईत मूळ (थेट सरकारी) मेडिकेअरवर परत जाऊ नका. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून सहा महिने उलटले की बहुतेक राज्यांत मेडिगॅपवाले (मूळ मेडिकेअरमधून उरणारा खर्च भरणारा पूरक विमा विकणारे) जुन्या आजारांवरून नकार देऊ शकतात.

मृण्मयी_न्यूजर्सी: डोळ्यांच्या तपासणीत आमचा ४ स्टारवाला २ वर आहे! साडेतीनवाल्याला तिथे ४, पण त्यांच्याकडे आमचे नेफ्रॉलॉजिस्ट नाहीत. वैदेहीताई, आमच्या काउंटीत सी-स्निप एक दिसतोय. उद्या दवाखान्यात विचारते. एजंटऐवजी शिपच्या (SHIP, मेडिकेअरबद्दल सल्ला देणारा सरकारी कार्यक्रम) मोफत सल्लागाराचीही वेळ घेतली आहे.