खांबांच्या बंगल्यांना नावं ठेवणाऱ्यांना माझं उत्तर

घरधनी

परवा इथं फोरमवर एकानं आर. के. नगर-पाचगाव भागातल्या नव्या बंगल्यांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'खांब, त्रिकोणी माथा, सोनेरी वेलबुट्टी. कोल्हापुरात ग्रीक देवळं कशाला? पैसा आला, नजर आली नाही.' त्यातला तिसरा फोटो माझ्या घराचा आहे. 'नजर' हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करायचे. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण. सुट्टीच्या दिवशी आबा मला सायकलच्या नळीवर बसवून छत्रपतींच्या न्यू पॅलेस राजवाड्याला न्यायचे आणि त्या काळ्या दगडावर हात फिरवत उभे राहायचे. 2021 ला मी प्लॉटवर बांधकाम काढलं. डिझायनरनं काचेचा चौकोनी डबा काढून आणला. मी म्हटलं, मला खांब पाहिजेत. पुढं चार खांब, वर त्रिकोणी माथा, हॉल दोन मजले उंच, छताच्या कडेला कार्निस, म्हणजे पुढं आलेली नक्षीची पट्टी. वास्तुशांतीच्या दिवशी आबांनी चपला पायरीखाली काढल्या आणि घरात पाऊल टाकायच्या आधी खांबावर तळवा टेकवला. मला त्याच क्षणी घर झाल्यासारखं वाटलं.

आणि परकं म्हणायचं असेल तर न्यू पॅलेस कुणी काढला? मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं. 1877 ला सुरू झाला, 1884 ला पुरा झाला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याचाच. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस 1931 ते 34 चा, त्याला काळ्या दगडाबरोबर इटालियन संगमरवर आहे. राजांनी केलं तर वारसा, आणि हमालाच्या पोरानं केलं तर नजर नाही?

वास्तुरेखा

ती पोस्ट माझी नाही, आणि 'नजर नाही' असं मी कुणाला म्हणणार नाही. तुमच्या आबांचा तळवा वाचून मलाही भरून आलं. पण मँटचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यानं इथं ग्रीक देऊळ उभं केलं नाही. दगड इथला घेतला, महिरपी आणि छत्र्या गुजरात-राजस्थानच्या बांधणीतून उचलल्या आणि त्यांच्यात घड्याळाचा मनोरा बसवला. वाडा पुरा व्हायच्या आधी, 1881 लाच तो गेला.

माझी तक्रार परकेपणाची नाही, मापाची आहे. विन्योला या इटालियन वास्तुकारानं 1562 मध्ये अशा खांबांच्या एकेका प्रकाराची मापं घालून दिली. बुंध्याच्या व्यासाच्या टस्कन 7 पट उंच, डोरिक 8, आयोनिक 9, कोरिंथियन 10. तुमच्या खांबांच्या डोक्याला पानं आहेत, म्हणजे कोरिंथियन. उंची 22 फूट धरली तर बुंधा 26 इंच हवा. फोटोत तो 14-15 च्या वर दिसत नाही. शिवाय खरा खांब खालचा तिसरा हिस्सा सोडला की वर हळूहळू निमुळता होत जातो, तुमचा पाइपासारखा सरळ आहे. डोळ्याला टोचतं ते हेच.

पेठकरी

खांबच बघायचे तर इटलीला कशाला जायचं भावांनो, खिद्रापूरला जावा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत, बाराव्या शतकातले, शिलाहार राजांच्या काळातले. मधल्या गोल मोकळ्या छताखाली उभं राहून वर आभाळ बघा आणि मग सांगा क्लासिकल म्हणजे काय. आपल्या जिल्ह्यात असताना आपण परदेशी पानंफुलं चिकटवतोय, ह्याचा मला राग येतो.

दुसरा राग घरचा आहे. शिवाजी पेठेतला आमचा वाडा 2008 ला भावकीच्या वादात पाडला. सोपा, माजघर, कडीपाट, सगळं ट्रॉलीत भरून गेलं. सागवानी खांब वजनावर विकले. त्या प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा होता. लाकूड जमिनीला कधी टेकलंच नाही, म्हणून शंभरावर वर्षं झाली तरी बुंधा कुजला नाही. आता तिथं तीन मजली इमारत आहे, आणि दहा वर्षांत तिच्या तळमजल्याचा गिलावा ओलीनं दोनदा सुटला.

नागाळापार्क

ओलीचं निघालंच आहे तर सांगते. 2019 च्या पुरात आमच्या हॉलमध्ये साडेतीन फूट पाणी होतं, पाच दिवस. त्याच्या वर्षभर आधी मिस्टरांनी फार हौसेनं 'क्लासिक इंटिरिअर' करून घेतलं होतं. भिंतीला एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पट्ट्यांच्या चौकटी, पांढरा रंग, खांबांना पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) आवरण. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पट्ट्या पाण्यात भिजलेल्या पावासारख्या फुगून भिंतीपासून सुटल्या होत्या. खांबाच्या बुंध्यात बोट घातलं तर ते आत गेलं. ओल्या पिठात जावं तसं. मी तिथंच चिखलात बसून रडले. स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी चौकट सासूबाईंच्या वेळची, ती धुतली, वाळवली, आजही तशीच आहे.

अकरा लाख गेले. खांब ग्रीक का शिलाहारांचे, ह्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. पाण्यात टिकत नाही ती वस्तू नदीकाठच्या घरात कोण सुचवतं आणि का, एवढं सांगा.

कार्निसवाला

वहिनी, मी सतरा वर्षं हेच काम करतोय आणि हा धागा वाचून मला लई लागलं. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. त्यात काथ्या घातला तरी पाण्यापुढं तो टिकत नाही, हे आम्हा सगळ्या कारागिरांना ठाऊक आहे. बाहेरच्या अंगाला जीआरसी, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं सिमेंट लावायचं, आत पूररेषेपर्यंत दगड नाहीतर सिमेंटचा गिलावा. मी गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक रनिंग फुटाचा रेट विचारतं आणि स्वस्तातलं करा म्हणतं. साचा मुंबईहून आलेला असतो, तो एकाच मापाचा. खांब 10 फुटी असो की 22, डोकं तेच बसवा म्हणतात. ताई, ते मापाचं तुम्ही बरोबर लिहिलं. पण आर्किटेक्ट साइटवर येतो किती वेळा? मला ड्रॉइंगवर खांबाचा व्यास आजवर एकदाच लिहून मिळालाय.

वास्तुरेखा

हे सरसकट विधान मला मान्य नाही. मी दर आठवड्याला साइटवर असते. मालक आमच्या मागं बदल करतो आणि नाव आमचं खराब होतं.

कार्निसवाला

तुम्ही येत असाल. बाकीचे येत नाहीत. सतरा वर्षं मी कुणाच्या मागं उभा राहून विचारलंय ते मला माहीत आहे. शिव्या कारागिराला बसतात आणि आठ दिवसांत काम पुरं करायचं दडपणही त्याच्यावरच.

पेठकरी

भांडू नका. मूळ मुद्दा वाड्यांचा आहे.

नागाळापार्क

मूळ मुद्दा वाड्यांचा नव्हता दादा.

घरधनी

सकाळी शिडी लावली. खांबाला सुतळी गुंडाळून मोजली, घेर 45 इंच भरला. म्हणजे व्यास 14 च्या जरा वर. वास्तुरेखाताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. हे लिहायला मला जड जातंय, पण सुतळी हातात आहे.

वर गेल्यावर आणखी एक दिसलं. माथ्याच्या बाहेर आलेल्या पट्टीखाली भिंतीवर काळे ओघळ आहेत, चार पावसाळ्यांचे. मी त्याला रंगाचा दोष समजत होतो.

वास्तुरेखा

ती पट्टी शोभेची नव्हेच. कार्निस भिंतीच्या पुढं काढतात तो पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून. तिच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच लागते. खाच नसली की पाणी पोटाखालून भिंतीकडं सरकतं. आपल्याकडं कौलांच्या पागोळ्या अंगणात पडायच्या, ते काम हेच. पेठकऱ्यांचा तळखडा आणि ही खाच, दोन्ही पाण्यासाठीच आहेत, एवढं मी मान्य करते.

घरधनी

आता खाच मारता येईल का?

कार्निसवाला

मटेरियल काय आहे? टोकून बघा, पोकळ वाजलं तर जीआरसी. त्याची जाडी बोटभर असते, ग्राइंडर लावू नका, चिरेल. पुढच्या कडेला खालून ॲल्युमिनियमची बारीक पट्टी बसवा, सिलिकॉननं सांधा भरा, दोन सूत खाली लोंबू द्या. पाणी तिथंच तुटतं. वरच्या अंगाला बाहेर उतार आहे का तेही बघा. ओघळ वाळल्याशिवाय रंग देऊ नका.

वास्तुरेखा

पट्टी लावाच. आणि खांबांच्या डोक्याची पानं काढून साधं डोरिक डोकं बसवलंत तर 22 फुटाला 14 इंच तरीही बारीकच दिसेल, पण डोळा वर अडकणार नाही.

घरधनी

पट्टी पावसाच्या आधी लावतो, माणूस सांगितलाय. पानं काढणार नाही. आबा रोज सकाळी चहा घेऊन त्याच खांबाला टेकून बसतात, आणि 14 इंच त्यांच्या पाठीला पुरतात.