रात्री उतरता उतरता विमान पुन्हा वर घेताना वैमानिकाला भास होतो का?

प्रश्न (वास्को)
गेल्या पावसाळ्यात रात्री दाबोळीला उतरत असताना आमचे विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन अचानक पुन्हा वर गेले. पाठ आसनात रुतली आणि विमान जणू उभेच राहत आहे असे वाटले. खिडकीबाहेर समुद्रावरचा काळोख असल्याने खरे काय, हे समजायला मार्ग नव्हता. वैमानिकालाही असेच वाटत असेल का? वाटत असेल, तर तो विमान कशाच्या भरवशावर सांभाळतो?

उत्तर (फोंडा, भौतिकशास्त्राचा शिक्षक)
होय, त्यालाही तसेच वाटते. अंतर्कर्णात जेलीसारख्या थरावर कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक असतात. डोके मागे कलले की ते मागे सरकतात आणि त्याखालच्या पेशी मेंदूला 'वर कललो' असे कळवतात. विमानाने पुढे जोरात वेग घेतला तरीही ते स्फटिक मागेच पडतात, आणि बाहेर दिवे किंवा क्षितिज दिसत नसेल तर या दोहोंतला फरक मेंदूला करता येत नाही. प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश असला, तरी सुमारे ११ अंश वर कलल्याचा भास होतो. विमानाचे नाक खरोखर वर असतेच, त्यात ही भर पडते. यालाच सोमॅटोग्रॅव्हिक भास म्हणतात.

उत्तर (पर्वरी, निवृत्त वैमानिक)
वरील विवेचन अचूक आहे, पण खरा धोका त्यानंतरच्या कृतीत आहे. नाक फार वर गेले असे वाटून वैमानिक ते खाली दाबतो. त्यामुळे वेग आणखी वाढतो, भास अधिक दृढ होतो आणि तो आणखी दाबतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहरीन येथे गल्फ एअरचे एअरबस ए-३२० रात्री गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) करताना काळोख्या समुद्रात कोसळले व विमानातील सर्व १४३ जण मृत्युमुखी पडले. तपास अहवालाने या भासाचा उल्लेख केला आहे. उतरताना इंधन बरेच संपलेले असल्याने विमान हलके असते, त्यात इंजिने पूर्ण शक्तीवर गेली की धक्का उड्डाणापेक्षाही तीव्र बसतो, आणि तोही मन उतरण्यात गुंतलेले असताना.

प्रश्नकर्ता
मग निव्वळ सरावाने हा भास जातो का?

उत्तर (पर्वरी)
नाही, तो अनुभवी वैमानिकालाही होतो. म्हणून नजर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर, खिळवायची, नाक ठरलेल्या कोनावर धरायचे आणि वेग व उंची तपासत राहायची. नाक खाली जाऊ लागले तर शेजारच्या वैमानिकाने ते मोठ्याने सांगायचे आणि गरज पडल्यास नियंत्रण हाती घ्यायचे. काही नव्या एअरबस विमानांत 'सॉफ्ट गो-अराउंड' ही सोय आहे, ज्यात इंजिनांची शक्ती मर्यादित राहिल्याने प्रवेगच कमी होतो. दाबोळीहून पश्चिमेकडे वर जाताना पुढे अरबी समुद्रच असल्यामुळे, अमावास्येच्या रात्री येथे खिडकीबाहेर पाहून काहीच हाती लागत नाही.