थर, पदर की पापुद्रा?

कृष्णाकाठ (सांगली):
एका शब्दाशी अडले आहे. भाजलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. रुग्णाच्याच कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत कातडी कशी वाढवतात, हा विषय. मूळ मजकुरात 'स्ट्रॅटिफाइड एपिथेलियम' आहे, म्हणजे पेशींच्या एकावर एक अनेक ओळींचं आवरण. नववीच्या पुस्तकात 'स्तरित अभिस्तर' सापडला, पण वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? मी 'कातडीचे पापुद्रे वाढवतात' असं लिहिलं. सासूबाई वाचून म्हणाल्या, "पापुद्रा सुटतो गं, वाढतो कुठं?"

हळदगल्ली (सांगली):
सासूबाईंचं खरं आहे. भाकरीचा पापुद्रा, भिंतीचा पापुद्रा, सगळे सुटणारेच. सरळ 'थर' लिहा.

यवतेश्वर (सातारा):
'थर' नको. थर वरून बसतो: गाळाचा, धुळीचा. कातडीत उलटं चालतं. तळाच्या पेशी विभागतात आणि आधीच्यांना वर सारतात. वर येता येता त्या चपट्या होतात, त्यांचं केंद्रक जातं आणि शेवटी त्या मरतात. मी बरीच वर्षं हेच काम केलंय. बशीत द्रवाखाली आधी एकच ओळ पसरते, फरशी बसवल्यासारखी. द्रवातलं कॅल्शियम वाढवलं की पेशी एकमेकींवर चढतात. मग सच्छिद्र पडद्यावर वाढवून वरचा द्रव काढून घ्यायचा: खालून पोषण, वरून हवा. दोनेक आठवड्यांत वर कोरडा, किंचित पिवळसर पापुद्रा धरतो. चिमट्याचं टोक लावलं की कांद्याच्या वरच्या सालीसारखा तटतटीत लागतो, आणि त्याच्या खालचं सगळं ओलं, जिवंत. म्हणजे पापुद्रा असतो, पण फक्त सगळ्यात वर. सगळ्याला मिळून 'पदर' म्हणा. चिरोट्याचे पदर आतूनच असतात, कुणी वरून रचत नाही.

कृष्णाकाठ:
'पदर' मलाही आवडला. पण 'पदर सुटलेली कातडी' वाचून नातेवाईक घाबरतील.

मेणवली (वाई):
'अभिस्तर' एवढ्या लवकर का टाकता? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली विश्वकोशाचं काम आमच्या वाईत झालं. त्यात 'कोशिका' आणि 'ऊतक' आहे, शाळेत 'पेशी' आणि 'ऊती'. एका पिढीला दोन-दोन नावं शिकवली, आणि मग म्हणायचं की मराठीत विज्ञान अवघड!

हळदगल्ली:
'पेशी' तरी कुठं सोपा राहिलाय? आमच्या घरी डेंग्यू झाला तेव्हा रोज एकच चौकशी, "पेशी किती झाल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट, दुसरं काही नाही. पत्रकात 'पेशी वाढवतात' वाचलं की लोक रक्ताचाच विचार करतील. 'कातडीच्या पेशी' असं दरवेळी पूर्ण लिहा, कितीही लांबलं तरी.

यवतेश्वर:
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अजून एक शब्द सुचवतो. १९७५ साली राइनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवल्या त्या उंदराच्या पेशींच्या सोबतीनं. उंदराच्या पेशींवर किरणांचा मारा केलेला, त्यामुळे त्या जिवंत राहतात पण विभागत नाहीत, नुसतं दुसऱ्यांना वाढायला मदत करतात. पुस्तकी शब्द 'पोषक थर'. मी विद्यार्थ्यांना 'दाई-पेशी' सांगायचो, आणि एकालाही पुन्हा समजवावं लागलं नाही.

मेणवली:
'धात्री' आहे की.

हळदगल्ली:
धात्री कुणाच्या घरी येते? दाई येते.

द्राक्षबाग (तासगाव):
आमच्या भागात टिश्यूकल्चर केळी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे 'कल्चर' तसंच ठेवा. बशीत पेशी सोडायला मात्र 'लागण' लिहा. तळाशी एक ओळ धरते आणि तिथून वर वाढ होते, म्हणजे लागणच ती.

यवतेश्वर:
'लागण' अजिबात नको! बशीत बुरशी शिरली की आम्ही म्हणतो 'लागण झाली', आणि आठवड्यांची मेहनत फेकून द्यावी लागते. भाजलेल्या माणसाच्या घरच्यांना तर जंतूंच्या लागणीचीच सगळ्यात जास्त धास्ती असते.

द्राक्षबाग:
'लागण होते' ती रोगाची, 'लागण करतात' ती उसाची. आडसाली लागण म्हटल्यावर आमच्याकडे आजवर कुणी दवाखाना गाठला नाही. क्रियापद बघा.

मेणवली:
मग 'लागवड' घ्या, भानगडच नको.

द्राक्षबाग:
लागवड द्राक्षाची. उसाची लागण. भाताची लावण. तिन्ही एकच असते तर तीन शब्द कशाला झाले असते?

हळदगल्ली:
लावण म्हणाल तर आमच्या आजोळी, पाटणला, भातालाही 'लागण'च म्हणायचे. मी स्वतः चिखलात उभी राहून ऐकलंय.