मदत हवी आहे: चुनखडकाच्या प्लगचा (दंडगोलाकार तुकड्याचा) मायक्रो-सीटी स्कॅन (न कापता क्ष-किरणांनी आतलं बारीक त्रिमितीय चित्र)

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय: चुनखडकात कार्बन डायऑक्साइड साठवताना खडकाचं काय होतं. मुंबई हायचा एल-३ हा मुख्य तेलसाठा मायोसीन काळातल्या चुनखडकातच आहे, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. तिथला कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) मिळाला नाही, तेव्हा कच्छमधला मायोसीन चुनखडक घेतला.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं आणि कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलं मुख्य खनिज, विरघळायला लागतं. असं खारं पाणी प्लगमधून सोडल्यावर सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण) जेमतेम वाढली, पण पार्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते) कितीतरी पट वाढली. आत एखादी सलग नळी कोरली गेली असावी, असा माझा अंदाज आहे. थिन सेक्शनसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापासाठी) प्लग कापला तर पुरावाच जाईल, आणि ते मला अजिबात नको आहे.

पुण्या-मुंबईत विद्यार्थ्यांना मायक्रो-सीटी कुठे करून मिळेल? प्लग दीड इंच व्यासाचा आहे. त्या आकाराला रिझोल्यूशन पुरेल का? शिवाय, सुटलेले बारीक कण वाहून गेल्यानेही पार्यता वाढते का? बाहेर आलेल्या पाण्यातलं कॅल्शियम मोजून हा फरक ओळखता येईल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.