विषय: पाण्याच्या कामासाठी मंडळाचा निधी

नमस्कार मंडळी,
मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे यंदाचा निधी भारतात गावाकडच्या पाण्याच्या कामाला द्यायचाय. काही जणांचं म्हणणं की जेसीबी लावून एखाद्या गावचा नाला खोल करून देऊ, काम महिन्याभरात होतं आणि फोटोपण येतात. आपापलं मत रविवारपर्यंत कळवा.

-----

ताई नमस्कार,
निधी जरूर द्यावा पण नाला खोलीकरणाला माझा विरोध आहे. माझ्या आजोळी हेच केलं होतं, पहिल्या पावसात नाला तुडुंब भरला, सगळं गाव बघायला आलं, पण वरचा डोंगर तसाच उघडाबोडका राहिला त्यामुळे माती धुऊन खाली येत राहिली आणि तिसऱ्या वर्षी नाल्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं, आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर), गवत, झाडं, चराईबंदी, मग ओघळीत दगडी बांध आणि नाल्यावरचा बंधारा सगळ्यात शेवटी. डोंगरावरचे चर फोटोत काही खास दिसत नाहीत, पण विहिरीला पाझर त्यांच्यामुळेच टिकतो.

आणि पाणी अडवलं तरी ते वापरणार कोण? आजोळी ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत सुरू केली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर माणसांवर वाटलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, हा नियम तर मला फार मोलाचा वाटतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले, तिथे ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती झाला ते बघून आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. हे मशीनने होत नाही, त्याला गावात वर्षानुवर्षं राबणारे कार्यकर्ते लागतात, आणि त्यांच्या पगाराला पैसे द्यायला मात्र सहसा कोणी तयार नसतं.

म्हणून माझं म्हणणं की जी संस्था गावाचं श्रमदान आणि ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय पुढे जात नाही तिलाच द्या. फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये काढलेली वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) आहे, मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ मध्ये सुरू केलेली बाएफ आहे. अजूनही चांगल्या संस्था आहेत, सुचवा.

-----

काका, पटलं. पण पैसे पाठवायचे कसे? माझा पासपोर्ट भारतीयच आहे, मी इथून थेट संस्थेच्या खात्यात टाकले तर चालतील ना?

-----

तुझे चालतील. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो ती कायद्याने विदेशी देणगी धरत नाहीत, फक्त पासपोर्टची कॉपी जोडून दे म्हणजे संस्थेला नंतर त्रास नको. पण ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी विदेशी, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीसुद्धा, आणि आपलं मंडळ इथे रजिस्टर केलेलं असल्यामुळे मंडळाचीही. अशा देणगीसाठी एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेलीच संस्था हवी आणि पैसे तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला विदेशी पैसा दुसरीला देता येत नाही, म्हणजे मोठ्या संस्थेला दिला आणि तिने गावातल्या छोट्या संस्थेकडे पाठवला हे आता बंद. जी स्वतः गावात काम करते तीच बघायची.

मी या शनिवारी तीन संस्थांना मेल टाकतो, एफसीआरए नोंदणीची प्रत मागवतो आणि पाच वर्षांपूर्वी काम संपलेल्या एखाद्या गावात आज विहिरींना पाणी किती आहे तेही विचारतो. ताई, उत्तरं येईपर्यंत जेसीबीचा ठराव मताला टाकू नका, एवढी विनंती.